टिथोनसचा हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की आमच्या घरात अण्णांच्या बोटांची काळजी सुरू होते. अण्णा म्हणजे माझे वडील. वय त्र्याण्णव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन पस्तीस वर्षं झाली. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा, आपण अजून आहोत, असं सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की काम भागायचं. मी स्वतः बँकेत तेहेतीस वर्षं काढली, त्यातली दहा-एक पेन्शनच्या काउंटरवर. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ती काठ्या-कानटोप्यांची रांग मला अजून स्वप्नात दिसते. एक आजी दरवर्षी सही करून झाल्यावर विचारायच्या, "आता वर्षभर मरायला हरकत नाही ना?"

आता अंगठ्याचं यंत्र आलंय. गेल्या वर्षी घरी आलेल्या मुलाने अण्णांचा उजवा अंगठा टेकवला, मग डावा, मग एकेक करून आठही बोटं. यंत्र प्रत्येक वेळी लाल. हात धुतले, पुसले, व्हॅसलीन चोळलं, परत लाल. बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्यात. मग त्याने मोबाईल काढला, म्हणाला चेहरा चालतो. "आजोबा, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळ्यांची उघडझाप करा." अण्णांनी डोळे मिटले ते मिटलेच. झोप लागली होती. मुलगा बिचारा पाऊण तास बसला, दोनदा चहा प्यायला आणि उद्या येतो म्हणून गेला.

त्या रात्री अण्णांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि त्यांची ती गुळगुळीत, फिक्की बोटं बघून मला एकदम 'गुलाबी बोटांची' हा शब्द आठवला. होमरच्या महाकाव्यांत सकाळ झाली की हीच ओळ येते: लवकर जन्मलेली, गुलाबी बोटांची उषा प्रकटली. ग्रीकांच्या या उषेचं नाव इऑस. कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, तेव्हा आमच्या सरांनी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते: उषस्, इऑस, ऑरोरा. तिन्ही एकाच मुळाचे, म्हणाले. सरांनी तेव्हाच तिच्या नवऱ्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली होती. वर्ग हसला होता, मीही हसले होते. एकवीस वर्षांच्या मुलीला त्यात हसण्यासारखंच दिसणार.

गोष्ट अशी. ट्रॉयचा राजा लाओमेडॉन, त्याचा मुलगा टिथोनस. म्हणजे ज्याच्या काळात ट्रॉय पडलं त्या प्रायम राजाचा सख्खा भाऊ. देखणा. इऑसला तो आवडला आणि तिने त्याला सरळ उचलून नेलं. या बाईला ती सवयच होती. ओरायन हा शिकारी, सेफलस, क्लायटस, अशी बरीच नावं तिच्या खात्यावर आहेत. एक जुनी हकिकत सांगते की इऑस युद्धदेव एरीसबरोबर सापडली म्हणून प्रेमाची देवी अफ्रोदितीने चिडून तिला शाप दिला, सतत कुणाच्या तरी प्रेमात पडण्याचा. पण टिथोनस तिला कायमचा हवा होता. ती झ्यूसकडे गेली आणि मागणं मागितलं: याला मरण नको, हा सदासर्वकाळ जगू दे. झ्यूसने मान डोलावली. त्याने मान डोलावली की झालं, त्यात मग बदल नाही. तारुण्य मागायचं मात्र ती विसरली.

आमच्या बँकेत याला 'रकाना राहिला' म्हणतात. नॉमिनीचं नाव आहे, जन्मतारीख नाही. सही आहे, तारीख नाही. आणि खिडकीच्या आत बसलेला माणूस रकाना राहिलाय हे बघूनही शिक्का मारतो, कारण ते सांगणं त्याचं काम नसतं. झ्यूसला दिसत नव्हतं का? देवांचा राजा आहे, त्याला एवढं कळत असणारच. शिवाय त्याने स्वतः याच घराण्यातला गॅनिमीड उचलून नेला, तेव्हा बरोबर दोन्ही रकाने भरले होते. मरण नाही, म्हातारपण नाही. स्वतःचा अर्ज नीट भरायचा आणि दुसऱ्याच्या अर्जातली चूक बघून गप्प बसायचं, असे साहेब मी पाहिलेत.

ही गोष्ट जिथे तिथे एवढ्यावरच संपवतात. मागताना नीट विचार करून मागा. मला हे तात्पर्य आता पटत नाही, किंवा असं म्हणू की त्यात मला रस उरलेला नाही. कारण मूळ काव्य मी या वर्षी प्रथमच पूर्ण वाचलं, इंग्रजी भाषांतरात, मोबाईलवर, बहुतेक रात्री दोन ते पाचच्या दरम्यान. अफ्रोदितीचं स्तोत्र म्हणतात त्याला. होमरच्या नावावर खपतं, पण होमरचं नाही. २९३ ओळींचं आहे आणि टिथोनसचा भाग त्यात जेमतेम वीस-एकवीस ओळींचा. त्या ओळींत विसरण्याबद्दल एखाद-दुसरीच ओळ आहे. बाकी सगळ्या नंतर काय झालं याच्या आहेत.

पहिले पांढरे केस दिसले, डोक्याला आणि दाढीला, तेव्हा इऑस त्याच्या अंथरुणापासून दूर झाली. पण घरातून काढलं नाही त्याला. ती त्याला सांभाळत राहिली, अन्न देऊन, अमृत देऊन, सुंदर कपडे घालून. इथे मी मोबाईल बाजूला ठेवला. अन्न *आणि* अमृत. ग्रीकांच्या हिशोबात माणसं धान्य खातात आणि देव अँब्रोसिया खातात. अँब्रोसिया या शब्दात आणि आपल्या 'अमृत' शब्दात तोच 'न मरणारा' दडलाय. दोघांची ताटं कधी एक होत नाहीत. टिथोनसला मात्र दोन्ही. कारण तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, आणि वाढणारीला नेमकं कळत नाही की आता याला काय पचेल. मी रोज सकाळी नाचणीची आंबील वाटीत घेते आणि शेजारी डॉक्टरांनी दिलेल्या प्रोटीन पावडरीचा कप ठेवते. आंबील त्यांची जन्माची. पावडर महिन्याला चार आकडी बिल करते. दोन्हीतलं काय अंगी लागतं देव जाणे.

कपड्यांचंही तेच. सुंदर कपडे का? अंथरुणावरच्या माणसाला कशाला? आमच्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशी अण्णांना पुढून बंद असलेले गाऊन घालायला सांगतात, बदलायला सोपे. मी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट पाठीमागून उसवून आणला, शिंप्याकडून नाड्या लावून घेतल्या. समोरून बघितलं तर ऑफिसला निघालेत असंच वाटतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितेय.

पुढच्या ओळी वाचायला मला आठवडा लागला. म्हातारपणाने त्याला पुरतं दाबून टाकलं, हातपाय हलवता येईनात, तेव्हा इऑसने मनाशी ठरवलं ते असं: त्याला एका खोलीत ठेवलं आणि चकचकीत दारं लावून घेतली. आतून त्याचा आवाज अखंड वाहत राहतो. पूर्वी त्या लवचिक अंगात जी ताकद होती ती आता कुठेच नाही.

बस. पुढे काही नाही. तो मेला नाही, कारण मरू शकत नाही, आणि कवीने त्याचं काही केलंही नाही.

त्या दाराबद्दल मी बरंच बोलू शकते. अण्णांच्या खोलीला दार आहे, सागवानी, आई असताना केलेलं. गेल्या दिवाळीत भाचीला बघायला मंडळी येणार होती, त्यांना आमचं घर सोयीचं पडत होतं. अण्णा सकाळपासून बोलत होते. म्हणजे ते बोलतातच, सारखे, कुणी असो नसो. कालव्याचे मोजमाप, क्युसेक, कुठल्याशा ओव्हरसियरचा पत्ता, आईला हाका. सव्वाअकराला बेल वाजली आणि मी जाऊन दार लावलं. वर पंखा मोठा केला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मंडळी पोहे खाऊन, सरबत पिऊन, पाऊण तास बसून गेली. लग्न काही तिथे जमलं नाही. दार उघडलं तेव्हा अण्णा छताकडे बघून म्हणत होते, "गेट उघडू नका, खाली माणसं आहेत." धरणाचा दरवाजा म्हणत असणार.

तर इऑसने दार लावलं म्हणून तिला निष्ठुर म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहता येत नाही.

आणि दुसरं असं की ही हकिकत सांगतंय कोण? इऑस नव्हे. अफ्रोदिती सांगते, आणि तेही कुणाला, तर स्वतःच्या माणूस प्रियकराला, संध्याकाळी. त्या स्तोत्राची खरी कथा तिचीच आहे. अफ्रोदिती सगळ्या देवांना मर्त्य माणसांच्या प्रेमात पाडून त्यांची थट्टा करायची, म्हणून झ्यूसने तिच्याच मनात एका माणसाची ओढ घातली: इडा पर्वतावर गुरं राखणारा अँकायसिस. हाही ट्रॉयच्याच राजघराण्यातला. ती त्याच्यापुढे कुमारिकेचं रूप घेऊन जाते आणि झकास थाप मारते. मी फ्रिजियाच्या राजाची मुलगी, पण तुमची भाषा मला येते कारण मला सांभाळणारी दाई ट्रॉयची होती! खोटं बोलताना एवढा बारीक तपशील कोण घालतं? मिरजेत वाढलेल्या माणसाला हे लगेच पटेल. आमच्या शेजारच्या काकू अशाच कन्नड शिकल्या होत्या, लहानपणी सांभाळायला आलेल्या बाईकडून.

संध्याकाळी, गुरं परतायच्या वेळी, ती आपलं खरं रूप दाखवते. अँकायसिस घाबरून पांघरुणात तोंड लपवतो आणि विनवतो, मला दुबळा करून जिवंत ठेवू नकोस. मग ती त्याला धीर देते, तुला मुलगा होईल, त्याचं नाव एनियस, आणि ओघात सांगते की मी काही तुझ्यासाठी अमरत्व मागणार नाही. का? तर बघ, इऑसने काय करून ठेवलं. म्हणजे टिथोनसची गोष्ट ही निघून जाणाऱ्या बाईने दिलेलं कारण आहे. तू आहेस असाच राहणार असतास तर गोष्ट वेगळी, म्हणते, पण लवकरच तुला म्हातारपण घेरणार. 'मी तुमच्याकडे आईला आणलं असतं गं, पण त्या अमक्याकडे बघ ना काय झालं,' असं भावंडांच्या बैठकीत जे बोललं जातं ना, तोच सूर आहे. दार लावणाऱ्या बहिणीची गोष्ट सांगते ती, जिने मुळात खोलीच दिली नाही.

होमरकडे गेलात तर दाराचा पत्ताच नाही. इलियडच्या अकराव्या सर्गाची सुरुवात आणि ओडिसीच्या पाचव्या सर्गाची सुरुवात एकाच ओळीने होते: थोर टिथोनसच्या शेजारून, अंथरुणातून उषा उठली, देवांना आणि माणसांना उजेड द्यायला. ट्रॉयला वेढा पडलाय, प्रायमचे केस पांढरे झालेत, आणि त्याचा भाऊ अजून उषेच्या शेजारी झोपलेला आहे. तरुण की म्हातारा, होमर सांगत नाही. ती रोज त्याच्याच शेजारून उठते, इतकंच.

ओडिसीच्या त्याच सर्गात कॅलिप्सो ही बेटावरची देवी भांडते ती जागा मला फार आवडते. देवांचा निरोप आलाय, ओडिसियसला सोड. सात वर्षं तिच्या बेटावर आहे तो. ती म्हणते, देव लोकहो, तुम्ही मत्सरी आहात, देवीने माणसाला उघडपणे जवळ केलं की तुमच्या पोटात दुखतं. इऑसने ओरायनला घेतलं, तर शिकारीची देवी आर्टेमिसने बाण घालून मारला. धान्याची देवी डिमिटरने तीनदा नांगरलेल्या शेतात इयासियनला घेतलं, तर झ्यूसने वीज घातली. यादी बरोबर आहे तिची. स्वतः तिने ओडिसियसला अमर आणि अजर दोन्ही करायची तयारी दाखवली होती, रकाने पूर्ण भरून. त्याने नको म्हटलं. त्याला घरची, म्हातारी होत चाललेली बायको पेनेलोपी हवी होती.

आता सरांच्या वर्गाकडे परत येते. तेव्हा अभ्यासाला ऋग्वेदातली काही सूक्तं होती आणि पहिल्या मंडलातलं ९२वं, उषेचं सूक्त त्यात होतं. बहुतेक सगळं विसरले. पण एक चरण डोक्यात राहिला, का कोण जाणे, कदाचित परीक्षेत आला होता म्हणून: *मर्तस्य देवी जरयन्त्यायुः*. मर्त्याचं आयुष्य झिजवणारी देवी. पुन्हा पुन्हा जन्मणारी, पुरातन, रोज तोच रंग लेऊन सजणारी आणि येता येता माणसाचं आयुष्य कमी करत जाणारी. त्याआधीच्या उपमेवर भांडण आहे. वेदांचे जुने भाष्यकार सायणाचार्य म्हणतात, पारधीण जशी पक्ष्यांचे पंख छाटते तशी. अलीकडचे अभ्यासक म्हणतात, मुरलेला जुगारी जसा समोरच्याचा डाव कमी करत नेतो तशी. दोन्ही बघा कशा बसतात.

हा चरण आठवला आणि टिथोनसची गोष्ट माझ्या डोक्यात उलटी झाली. इऑसने म्हातारपण टाळायचं विसरलं, हे खरं. पण त्याला म्हातारं करत कोण होतं? तीच. ती रोज त्याच्या अंथरुणातून उठते, रथ जुंपते, दिवस सुरू करते, आणि त्याच क्षणी त्याच्या वयात एक दिवस वाढतो. ती उठली नाही तर तो तरुण राहील आणि जगात अंधार. ती दुसऱ्या कुणाची बायको असती तर एकवेळ ठीक होतं. पण दिवस उजाडणं हाच जिचा धंदा, तिने माणसावर प्रेम कसं करावं? झ्यूसने कितीही रकाने भरून दिले असते, हिचं काम थांबलं नसतं. गुलाबी बोटांनीच तिने त्याच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या.

योगायोग असा की आपल्याकडची निघून जाणारी अप्सराही हीच उपमा वापरते. दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात पुरूरवा उर्वशीला थांब म्हणतो, आणि ती म्हणते, उषांमधल्या पहिल्या उषेसारखी मी निघून गेले आहे, घरी जा पुरूरवा, वाऱ्यासारखी मी हाती लागणार नाही. तिथे दार लावण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

सॅफोबद्दल लिहिलं नाही तर हे अर्धवट राहील. लेस्बॉस बेटावरची ही कवयित्री, इसवीसनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकातली. टिथोनसवरची तिची कविता १९२२ साली इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसातून छापली गेली, पण ओळी अर्ध्या फाटलेल्या. राहिलेले अर्धे तुकडे २००४ साली जर्मनीत कोलोनच्या संग्रहातल्या दुसऱ्या पपायरसातून मिळाले. तो पपायरस तर इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला, आणि ममीच्या वेष्टनासाठी रद्दी म्हणून वापरलेला. दोन फाटके कागद जोडून बारा ओळी झाल्या. ती मुलींना सांगते: माझी कातडी सुरकुतली, काळे केस पांढरे झाले, मन जड झालं, आणि हरणाच्या पाडसासारखे नाचणारे गुडघे आता मला पेलत नाहीत. यावर रोज कण्हते, पण करणार काय, माणसाला म्हातारपण चुकत नाही. म्हणतात, टिथोनसला गुलाबी हातांच्या उषेने पृथ्वीच्या टोकाला नेलं, तेव्हा तो सुंदर आणि तरुण होता. तरी काळाने पांढऱ्या म्हातारपणाला त्याला गाठू दिलंच, अमर बायको असून.

कोलोनच्या कागदात कविता तिथे संपते. 'अमर बायको' हे शेवटचे शब्द. सॅफोने गुडघ्यांचं लिहिलं, याचं मला अप्रूप वाटतं. बाकी कवी केस, दात, डोळे यांवर थांबतात. मिम्नर्मस नावाचा एक कवी सरळ म्हणून मोकळा झाला की झ्यूसने टिथोनसला अक्षय दुःख दिलं, मरणाहून वाईट असं म्हातारपण. असेल. पण गुडघे दुखल्याशिवाय त्यांचं लिहिता येत नाही.

मग तो किड्याचा भाग. नंतरच्या कथेत इऑसला दया आली आणि तिने टिथोनसचा सिकाडा केला. झाडाच्या खोडाला चिकटून दिवसभर किर्रर्र करणारा तो किडा. आपण सरसकट त्यालाही रातकिडा म्हणतो. स्तोत्रात हे नाही. मला आधी ही सारवासारव वाटली, मुलांना गोष्ट सांगताना शेवट गोड करतात तशी. पण होमरमध्ये एक जागा सापडली. इलियडच्या तिसऱ्या सर्गात ट्रॉयचे म्हातारे तटावर बसलेत. लढायचं वय गेलं, बोलण्यात पटाईत. होमर म्हणतो, झाडावर बसून नाजूक आवाज काढणाऱ्या सिकाडांसारखे. त्या म्हाताऱ्यांत लाम्पस, क्लायटियस, हिकेटेऑन आहेत आणि हे तिघे टिथोनसचे सख्खे भाऊ! म्हणजे अख्खं घराणंच तसं. तिघे पारावर, एक खोलीत. ग्रीक लोक समजायचे की सिकाडा दव पिऊन जगतो. आणि दव म्हणजे काय, तर इऑसचे अश्रू, असं रोमन कवी ओव्हिड सांगतो. हे अश्रू नवऱ्यासाठी नाहीत, मुलासाठी आहेत.

तिला टिथोनसपासून झालेला मुलगा मेम्नॉन, इथिओपियनांचा राजा. काकाच्या, म्हणजे प्रायमच्या मदतीला ट्रॉयला गेला आणि ग्रीक वीर अकिलीजच्या हातून मारला गेला. डूरिस या चित्रकाराने इसवीसनापूर्वी ४९०-४८० च्या सुमारास एका पेल्याच्या आत हे चित्र काढलं: पंखवाली इऑस मुलाचं उघडं, लांबलचक प्रेत दोन्ही हातांवर उचलून वाकून बघते आहे. हा पेला पॅरिसला लूव्रमध्ये आहे. आणि मी २०१७ साली त्याच इमारतीत होते! आमच्या टूरने दोन तास दिले होते. ते सगळे मोनालिसाच्या रांगेत गेले, आणि उरलेली दहा मिनिटं स्वच्छतागृहाच्या. पेल्याचं चित्र मी आता मोबाईलवर बोटांनी मोठं करून बघते.

जुन्या एका महाकाव्यात, जे आता फक्त सारांशाने उरलंय, इऑस मुलासाठीही झ्यूसकडे जाते आणि त्याच्यासाठी अमरत्व मिळवते. पुन्हा त्याच खिडकीवर. एकदा हात पोळलेली बाई. या वेळी तिने सगळे रकाने भरले असतील अशी माझी खात्री आहे, बरोबर झेरॉक्सही नेली असेल.

या मेम्नॉनचं नाव इजिप्तमध्ये, आजच्या लक्सॉरजवळ, दोन अजस्र पुतळ्यांना चिकटलं. पुतळे खरे तिसऱ्या आमेनहोटेप राजाचे. इसवीसनापूर्वी २७ साली भूकंप झाला, एकाचा वरचा भाग कोसळला, आणि तेव्हापासून पहाटे सूर्य उगवताना त्या फुटक्या दगडातून आवाज येऊ लागला. गार दगड तापताना असं होत असावं. ग्रीक आणि रोमन प्रवासी म्हणाले, मेम्नॉन आईला हाक मारतोय. लांबलांबून लोक ऐकायला जायचे. पायांवर आपली नावं आणि कविता कोरायचे. इसवीसन १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन गेला, त्याच्याबरोबर ज्युलिया बाल्बिला नावाची कवयित्री होती. तिने तिथे कोरलेल्या कविता सॅफोच्या बोलीत आहेत. पुढे पुतळ्याची डागडुजी झाली आणि आवाज बंद पडला. दुरुस्तीने गप्प झाला!

भूकंपाने फुटलेला आणि पहाटे बोलणारा एक माणूस आमच्याही घरी आहे. अण्णांचं सगळं बोलणं फिरून फिरून एका तारखेवर येतं, ११ डिसेंबर १९६७. ते तेव्हा कोयनानगरला होते, पस्तीस वर्षांचे. पहाटे सव्वाचारच्या पुढेमागे भूकंप झाला. मी तीन वर्षांची. मला गोधडीत गुंडाळून बाहेर आणलं आणि मग ते धरणाकडे धावले, एवढं आई सांगायची. अण्णा स्वतः कधी बोलले नाहीत, पन्नास वर्षं. आता बोलतात. साडेतीन-चारला जाग येते आणि सुरू होतात. कोण कुठल्या खोलीत होतं, कुणाचा कंदील कुठे होता, कुणाला हाक मारली आणि ओ आली नाही. तीस-पस्तीस नावं आहेत. मी वहीत उतरवून घेतलीत. मधूनच थांबून विचारतात, "उजाडलं का गं?"

"नाही अण्णा. चारच वाजलेत. झोपा."

दोन मिनिटांनी परत, "उजाडलं का?"

त्या पहाटे अंधारात ढिगाऱ्यापाशी उभं राहून त्यांनी उजेडाची वाट पाहिली असणार, हे मला या वर्षी कळलं. एकसष्टाव्या वर्षी. म्हणून ते विचारतात. तोवर मला वाटत होतं, चहासाठी विचारतात.

मग साडेसहाच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीतून उजेड पलंगावर येतो. आधी पायावर, मग त्या नाड्यांच्या शर्टावर. अण्णा गप्प होतात आणि टक्क डोळ्यांनी खिडकीकडे बघत राहतात. अर्धा-पाऊण तास, उघडझाप करत. नंतर झोपतात ते दुपारपर्यंत.

यंदाचा दाखला अजून व्हायचाय. काल त्या मुलाला फोन केला. म्हटलं, बाळा, दुपारचा येऊ नकोस, सकाळी पावणेसातला येशील का? "एवढ्या लवकर, काकू?" म्हणाला. म्हटलं, तेवढा अर्धा तासच सापडतात ते. मंगळवारी येतो म्हणालाय.